स्वहस्ते कातलेल्या बारा गुंड्या

तासाभरात रूपरावचा धागा एकोणीस वेळा तुटला होता. विसाव्या वेळी तुटला तेव्हा ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या वासुदेवरावांनी अडकित्ता खाली ठेवला.

"काय करून राह्यला रे तू?"

"सूत कातून राह्यलो, बाबा."

"एमेस्सी झाला ना तू?"

"झालो."

"मंग नागपूरले सहा वर्षं सूतच कातणं शिकवलं का?"

रूपरावने तुटलेला धागा जोडला. पेटीचरख्यासमोर मांडी घालून बसायचा त्याचा आज दहावा दिवस होता, आणि दहा दिवसांत जे सूत निघालं होतं ते दाखवायची त्याला स्वतःलाच लाज वाटत होती. पण कातणं भाग होतं. देवळीजवळच्या त्या गावात त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात रूपरावएवढी निकड दुसऱ्या कुणालाही नसेल.

झालं होतं असं. वनस्पतिशास्त्रात एमेस्सी झालेल्या रूपरावला पुढे संशोधन करायचं होतं, आणि तेही कुंद्यावर. कुंदा म्हणजे काळ्या रानात कंबरभर खोल मुळं घालून बसणारं ते चिवट गवत. नागपूरचे त्याचे प्राध्यापक या विषयावर खूश होते. त्यांनी जागाही द्यायचं कबूल केलं होतं. फक्त जागेबरोबर पैसा नव्हता. "विद्यावेतनाची सोय तुमची तुम्ही करा," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. "पंधरा जुलैच्या आत सोय झाली तर टेबल तुमचं. नाही झाली तर दुसरा मुलगा दारात उभा आहे."

रूपरावने मग अकरा ठिकाणी अर्ज केले. एक निधी विलायतेला जाणाऱ्यांसाठी होता. चार निधी चार वेगवेगळ्या जातींसाठी होते आणि त्यांतली एकही रूपरावची नव्हती. एका शेतकीच्या निधीने कळवलं, की आमचा उद्देश पिकं वाढवण्याचा आहे, तण वाढवण्याचा नाही. बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही. अकरावा तेवढा उरला, तो वर्ध्याचा आनंदाबाई स्मारक विद्यानिधी. या निधीला जात चालत होती, विषय चालत होता, कुंदाही चालत होता. मात्र त्यांच्या छापील पत्रकात कलम चार होतं: अर्जासोबत अर्जदाराने स्वहस्ते कातलेल्या बारा गुंड्या सूत जोडावे. एक गुंडी म्हणजे सहाशे चाळीस तार. बारा गुंड्यांचा हिशेब रूपरावने केला आणि मग पुन्हा करायच्या भानगडीत तो पडला नाही.

वासुदेवरावांच्या हातात दुसरी सोय तयारच होती. जनपद सभेच्या मिडल शाळेत मास्तराची जागा रिकामी होती, आणि जुलैपासून पोरगा येईल असा शब्द त्यांनी देऊन टाकला होता. "कुंदा खोदता खोदता माह्या बापाची कंबर मोडली," ते म्हणत. "अन् नातू त्याच कुंद्याचा अभ्यास करते म्हणते! माणसानं आयकलं तं हासन नाई तं काय करन?"

त्या दिवशी दुपारी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघ्याहून धुरपता आत्या आली. ही वासुदेवरावांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हापासून पंधरा वर्षं तिने भावाच्याच वावरात काम केलं होतं. पुढे सिंदी मेघ्यात आपली एक खोली करून राहिली. चरख्याची विद्या तिने तिथे उचलली आणि आपल्या लुगड्यापुरतं ती घरीच कातायची. कुणाला दाखवायला नाही, की विकायलाही नाही. आल्या आल्या तिने रूपरावची गुंडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि उन्हात धरली.

"हे काय होय रे, बापू?"

"सूत."

"सूत? मले वाटलं बैलाचं दावं वळून राह्यला." तिने पदर खोचला. "ऊठ तिथून."

रूपराव उठला. आत्या बसली. चाकावर उजवा हात आणि कापसाच्या पेळूवर डावा, आणि बघता बघता धागा असा निघाला की वासुदेवरावांनी पुन्हा अडकित्ता खाली ठेवला. तासभर तो धागा एकदाही तुटला नाही.

"आत्या, तसं नाई चालत," रूपराव म्हणाला. "त्यात लिवलं हाय, सोताच्या हातानं कातलेलं पाह्यजे."

"तं मी का पायानं कातून राह्यली का?"

"तसं नाई. माह्या हातानं."

"तुह्या हातानं कातलं तं वर्धा काय, इथल्या वाण्याचं पोरगंबी तुले पैसा देणार नाई. हे पाह्य, तुह्या कुंद्यात मी कधी हात घातला का? मंग तू माह्या सुतात काऊन घालतं?"

"पण खोटं होते ना थे, आत्या."

आत्याचा हात थांबला. "मास्तर होतं का?" तिने विचारलं.

रूपरावने मान हलवली. व्हायचं नव्हतं त्याला मास्तर. लहानपणापासून वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसून तो ते गवत बघत आला होता. खोदलं तरी येतं, जाळलं तरी येतं, असं का, हा एकच प्रश्न त्याच्या डोक्यात होता. त्या प्रश्नाचं उत्तर मिळण्याआधी हातात छडी घ्यायची कल्पनाच त्याला सोसवत नव्हती.

"मंग गप राह्य," असं म्हणून आत्याने पुढचा पेळू उचलला.

नऊ दिवसांत बारा गुंड्या झाल्या. अर्जाच्या तळाशी 'सोबतचे सूत मी स्वहस्ते कातले आहे' असं छापलेलं होतं. त्याखाली सही करताना नावातला राव पार खाली घसरला. तरी सही केली, आणि पुडकं घेऊन स्वतःच वर्ध्याला जाऊन देऊन आला.

आठ दिवसांनी निधीचे चिटणीस मोतीलालजी यांचं पत्र आलं. ते वाचून रूपरावला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पत्रात लिहिलं होतं, की विश्वस्त अण्णाजी यांनी आपले सूत स्वतः तपासले. चाळीस अंकी इतके बारीक, एकसारखे आणि कसाला उत्तम असे सूत निधीच्या स्थापनेपासून एकाही अर्जदाराकडून आलेले नाही. अण्णाजी त्या दिवशी जेवताना दोनदा आपल्याविषयी बोलले. तरी रविवार दिनांक पाच जुलै रोजी निधीच्या सभागृहात सामुदायिक सूत्रयज्ञ आहे, त्या वेळी आपण उपस्थित राहून सर्वांसमक्ष अर्धा तास कताई करून दाखवावी, म्हणजे इतर विद्यार्थ्यांना प्रेरणा मिळेल. निवड त्यानंतर लगेच जाहीर होईल. कुंद्याचा पत्रात कुठेही उल्लेख नव्हता.

"पाह्य!" आत्या म्हणाली. "माह्या सुतानं म्हातारा दोनदा बोलला जेवताना!"

"अन् आता मी काय करू?"

आत्याला हे सुचलं नव्हतं. तिने एक पेळू उचलून त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, "शिकजो. पंधरा दिवस हायत अजून."

रूपराव शिकायला बसला. आता तो ईर्षेने बसला, जेवण विसरून बसला. पंधरा दिवसांनी त्याचा धागा तासाला वीस वेळांऐवजी फक्त आठ वेळा तुटू लागला. एरवी ही प्रगती वाखाणण्यासारखी होती. पण चाळीस अंकी सूत कातणाऱ्या माणसाचा धागा तासाला आठ वेळा तुटत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

शेवटी शनिवारी तो देवळीला गेला. तिथल्या दवाखान्यात भैय्याजी नावाचे कंपाउंडर होते आणि ते रूपरावचे शाळासोबती.

"भैय्याजी, हाताले बँडेज बांध."

"काय लागलं?"

"काई नाई लागलं."

"मंग कायले बांधतं?"

रूपरावने सगळं सांगितलं. भैय्याजी ऐकताना गंभीर होते. त्यांना मित्राची खरोखर कणव आली. "कोणत्या हाताले?" एवढंच त्यांनी विचारलं.

यावर रूपरावने येतानाच विचार करून ठेवला होता. चरख्याचं चाक उजव्या हाताने फिरतं. चाकच फिरलं नाही तर पुढचं सगळं बंद. "उजव्या," तो म्हणाला. भैय्याजींनी आयोडीन फासलं, कापूस लावला आणि बोटांपासून कोपरापर्यंत हात गुंडाळला. मित्राचं काम म्हणून त्यांनी बँडेजात कसर केली नाही.

रविवारी आत्याही बरोबर निघाली. "माह्या सुताचं कौतुक होईन अन् मी घरी बसू?" असं तिचं म्हणणं होतं. ती जाऊन बायकांच्या रांगेत मागे बसली. सभागृहात शंभर-सव्वाशे माणसं होती आणि शंभर-सव्वाशे चरखे. प्रार्थना झाली आणि सगळे एकदम कातू लागले. सूत्रयज्ञात बोलायचं नसतं. खोकला आला तरी लोक तो गिळत होते. रूपराव पहिल्या रांगेत गुंडाळलेला हात मांडीवर घेऊन बसला होता.

यज्ञ संपला. अण्णाजी उठले. सत्तरी ओलांडलेले, सुताच्या दोऱ्याने चष्मा कानाला बांधलेले गृहस्थ. त्यांनी रूपरावच्या बारा गुंड्या सभेला दाखवल्या आणि म्हणाले, "आमच्या वेळच्या कार्यकर्त्यांनाही हे साधलं नाही, ते एका कॉलेजच्या मुलाने केलं. या, रूपराव, पुढे या." आणि मग त्यांना बँडेज दिसलं.

"अरेरे! हे काय झालं?"

"विळा लागला," रूपराव म्हणाला. "कुंदा कापताना."

"आणि एवढं लागलेलं असताना आपण आलात?" अण्णाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी सभेकडे वळून सांगितलं, "बघा. याला म्हणतात निष्ठा."

लोकांनी माना डोलावल्या. रूपरावला वाटलं, सुटलो. आता आशीर्वाद देतील आणि खाली बसवतील. तेवढ्यात अण्णाजींनी सतरंजीवर चरखा ओढला आणि ते स्वतः त्याच्या उजव्या अंगाला बसले.

"डावा हात तर शाबूत आहे ना? धागा तुम्ही काढा. चाक मी फिरवतो."

आता काय करणार! रूपरावने डाव्या हातात पेळू धरला. अण्णाजींनी चाळीस अंकी सुताला शोभेल अशा वेगाने चाक फिरवलं आणि धागा वीतभर निघून तुटला.

"चुकलं माझं," अण्णाजी म्हणाले. "जोरात फिरवलं."

रूपरावने सांधा जोडला. पुन्हा तुटला. "हळू झालं वाटतं," अण्णाजी म्हणाले. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा त्यांनी चाकाच्या दोरीला, माळेला राळ लावून पाहिली. चौथ्यांदा तुटला तेव्हा सूत गुंडाळणारी चाती बदलून घेतली. सहाव्या वेळी त्यांनी चष्मा काढून पुसला. सभागृहात कुणी हसत नव्हतं. सव्वाशे माणसं डोळ्यांची पापणी न लववता तो डावा हात आणि ते चाक बघत होती. सातव्यांदा धागा तुटला आणि अण्णाजींनी चाकावरचा हात काढून घेतला.

"मंडळी, मला क्षमा करा," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तीस वर्षं कातलं मी. पण आता हात थरथरतो. या मुलाच्या एवढ्या सुंदर कसबाला माझ्यामुळे आज बट्टा लागला. उद्यापासून मी चरख्याला हात लावणार नाही."

टेबल गेलं, नागपूर गेलं, कुंदाही गेला, पण या म्हाताऱ्याचा चरखा आपल्यापायी सुटता कामा नये, एवढंच रूपरावला वाटलं. तो उभा राहिला आणि बँडेज सोडू लागला.

भैय्याजींनी ते मैत्रीने बांधलं होतं, त्यामुळे ते लवकर सुटेना. एक वेढा, दोन वेढे, दहा वेढे. पट्टीचा ढीग सतरंजीवर साचत गेला आणि सव्वाशे माणसं तो ढीग बघत राहिली. अखेर आयोडीनने पिवळा झालेला एक धडधाकट हात बाहेर आला.

"तुमचा हात नाही थरथरत, अण्णाजी," रूपराव म्हणाला. "मला कातता येत नाही. हे सूत माझ्या आत्यानं कातलं. मी खोटी सही केली."

मोतीलालजींनी तिथल्या तिथे दौतीत टाक बुडवला. "अर्ज रद्द," ते म्हणाले. "नियम म्हंजे नियम, साहेब." आणि त्यांनी यादीतल्या नावावर आडवी रेघ ओढली. रूपराव मान खाली घालून बँडेजचा ढीग गोळा करू लागला. उद्या जाऊन मास्तरकीच्या कागदावर सही करायची, एवढंच आता त्याच्या डोळ्यांपुढे होतं.

अण्णाजी मात्र हातातल्या गुंडीकडे बघत होते. "आत्याबाई कुठे असतात?" त्यांनी विचारलं.

"इथंच बसली हाय मी," मागून आवाज आला. धुरपता आत्या पदर सावरत पुढे आली. "त्या पोरावर रागावू नोका, बापा. खोटं मीच त्याच्याकडून करवलं. थो नाईच म्हणे."

"कातून दाखवता?"

आत्या बसली. दहा मिनिटं सभागृहात फक्त एका चरख्याचा आवाज होता. धागा तुटला नाही. अण्णाजींनी तो बोटांत धरून पाहिला, मग डोळे मिटून पाहिला, आणि सावकाश म्हणाले, "मोतीलालजी, कलम चारचं शेवटचं वाक्य वाचा."

"सोबतचे सूत ज्याने स्वहस्ते कातले असेल, त्याचाच अर्ज ग्राह्य धरावा."

"मग अर्ज या बाईंचा ग्राह्य आहे."

"पर अण्णाजी!" मोतीलालजी दचकले. "विद्यावेतन आहे हे! बाईंचं शिक्षण?"

"शिक्षणाची अट कितव्या कलमात आहे?"

मोतीलालजींनी पत्रक उलटलं. खादी वापरण्याचं कलम होतं, दारू न पिण्याचं होतं, स्वतःचं ताट स्वतः घासण्याचं होतं. अकराही कलमं त्यांनी बोट लावून दोनदा वाचली. शिक्षणाचं कलम नव्हतं. घटना लिहिणाऱ्यांना ते लिहावं लागेल असं वाटलंच नसावं.

"सातवं कलम आहे," मोतीलालजी घाम पुसत म्हणाले. "अर्जदाराची विषयात तोंडी परीक्षा घ्यावी."

"ती घेऊ." अण्णाजी आत्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. "बाई, आपला संशोधनाचा विषय काय?"

आत्याने रूपरावकडे पाहिलं. "कुंदा," ती म्हणाली.

"कुंद्याविषयी आपल्याला काय माहीत आहे?"

"पंधरा वर्षं खोदला, बापा, माईत नसन काय!" आणि आत्या बोलू लागली. नांगराने कुंदा मरत नाही, उलट एकाचे दहा तुकडे होऊन दहा ठिकाणी फुटतो. भर उन्हात महिनाभर वाळलेलं मूळही पाऊस पडला की जागं होतं. मग तिने धुऱ्यावरच्या झाडांचं सांगितलं. "आमच्या वावरात एक चिच हाय अन् एक निंब. खोदलेला कुंदा मी दोघाईखाली टाकत जाव. निंबाखाली थो असा फुगे, अन् चिचेखाली एकबी कोंब नाई. मले वाटलं चुकून झालं. मंग तीन वर्षं मुद्दाम टाकून पाह्यलं. सावली दोघाईची सारखीच, पाणी सारखंच. पण चिचेखाली मरते म्हणजे मरतेच."

रूपराव बँडेजचा ढीग हातात धरून उभा होता. अठरा महिन्यांच्या कामाचा त्याने जो आराखडा केला होता, त्यात चिंचेचं नाव नव्हतं.

"काऊन मरतो?" अण्णाजींनी विचारलं. विचारताना ते आपली शुद्ध भाषा विसरले.

"थे मले माईत असतं," आत्या म्हणाली, "तं ह्या पोराले सतरा वर्षं शाळा शिकवली कायले असती? माह्या भावानं जमीन गहाण ठेवून, अन् मी माह्या पाटल्या मोडून?"

रूपरावला पाटल्यांचं माहीत नव्हतं. त्याचे डोळे भरले आणि ते पुसायला हातात बँडेज होतंच.

अण्णाजींनी निकाल दिला. रूपरावने खोटी सही केली, सबब निधी त्याला एक पैसाही देणार नाही. विद्यावेतन दोन वर्षांसाठी श्रीमती धुरपताबाई यांना मंजूर. कामात मदतनीस हवा असल्यास तो त्यांनी आपल्या पसंतीने ठेवावा. मोतीलालजींनी हे सगळं लिहून घेतलं, नियमात कुठेच बसत नाही असं पुटपुटले, आणि नियमाविरुद्धही कुठे जात नाही म्हणून नागपूरच्या प्राध्यापकांना त्याच दिवशी तसं पत्र धाडलं. पत्रात त्यांनी चिंच आणि निंबही सोडला नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. प्राध्यापक काय म्हणतील? एका निरक्षर बाईच्या नावावर जागा देतील? "देतात बापा!" वासुदेवराव उपहासाने म्हणत, पण शाळेला नकारही कळवत नव्हते आणि होकारही. रूपराव दोन वेळा पोस्टात जाऊन आला. पत्र येईपर्यंत भावाकडेच राहिलेल्या आत्याला तो दिवसातून चार वेळा विचारायचा, "आत्या, ठेवशीन ना मले मदतनीस?" आणि आत्या म्हणायची, "पाह्यतो. अजून मी कोणाले शब्द नाई देल्ला."

तेरा जुलैला पाकीट आलं. वर धुरपताबाईंचं नाव होतं. आत्याने ते उलटंसुलटं करून बघितलं आणि रूपरावच्या हातात दिलं. "वाच. घाई नोको करू."

रूपराव ओसरीवर उभा राहून वाचू लागला.

"श्रीमती धुरपताबाई यांस सादर नमस्कार. चिंचेखालील आपले निरीक्षण आम्ही विभागात दोनदा वाचले. असा तीन वर्षांचा पडताळा आमच्याकडे कुणीही घेतलेला नाही. पंधरा तारखेस सकाळी अकरा वाजता अवश्य यावे. आपले टेबल खिडकीपाशी ठेवले आहे. चिंचेखालची थोडी माती सोबत आणावी." इथे रूपराव थांबला. वासुदेवराव उठून जवळ आले.

"अन् पुढं काय हाय?" त्यांनी विचारलं.

"पुढं एकच ओळ हाय," रूपराव म्हणाला, आणि त्याने ती वाचली. "माती जड असल्यास भाच्याला बरोबर आणण्यास हरकत नाही."